बेकार राहण्याची ऐपत

संपादकांनी फोनवर विषय एका शब्दात सांगितला : काम. गिरणगावावर कुणी लिहिणार होतं, ऊसतोडीवर कुणी. “तू तिकडचं बघ,” ते म्हणाले, “पण आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांचं नको. मंदी आली की तिथल्या सगळ्यात खालच्या माणसाचं काय होतं, ते बघून ये.”

मी न्यू यॉर्कजवळ लाँग आयलंडवर राहते. डाळ-तांदूळ, कढीपत्ता, दिवाळीच्या पणत्या यांसाठी क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सला वर्षानुवर्षं जाते आहे. तिथे चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर आपली दुकानं आहेत. तिथून पाचच रस्ते अलीकडे, एकोणसत्तराव्या रस्त्याच्या आसपास, रोज सकाळी काम शोधणारी माणसं उभी असतात. मी ती नेहमी गाडीच्या काचेतून पाहिली होती. या उन्हाळ्यात पहिल्यांदा त्यांच्यात जाऊन उभी राहिले.

सेव्हन ट्रेनच्या सावलीत

सकाळचे साडेसहा. रूझवेल्ट अव्हेन्यूच्या डोक्यावरून सेव्हन ट्रेनचा लोखंडी पूल जातो, त्यामुळे रस्त्यावर ऊन पट्ट्यापट्ट्यांनी उतरतं. वरून गाडी आली की बोलणं अर्ध्यावर थांबतं आणि ती गेली की त्याच शब्दापासून पुढे सुरू होतं. साठसत्तर पुरुष असतील. पाठीवर सॅक, त्यात डबा आणि कामाचे बूट. काहींच्या हातात प्लास्टिकची बादली, बादलीत थापी, लांबी लावायची पात, मोजपट्टी. मी फुटपाथवर थांबले तसे चौघं झपकन पुढे आले. “सेन्योरा, पेंटिंग? मूव्हिंग? क्लीनिंग?” एकानं हवेतच रोलर फिरवून दाखवला. मी काम द्यायला आलेली नाही हे मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं, तेव्हा ते मागे सरले. रोलर फिरवणाऱ्यानं बंद दुकानाच्या पायरीवर मला बसायला जागा करून दिली.

मुंबईत याला नाका म्हणतात, पुण्यात मजूर अड्डा. इथे म्हणतात ‘ला परादा’, म्हणजे थांबा. उभं राहणारा ‘होर्नालेरो’, रोजंदार. कामाला मेक्सिकोकडचे लोक ‘चांबा’ म्हणतात. “आय चांबा?” म्हणजे काम आहे का, हा प्रश्न त्या सकाळी मी इतक्यांदा ऐकला की तो ‘कसं काय’सारखा वाटायला लागला.

एक पांढरी व्हॅन वेग कमी करते. काच खाली येते, दोन बोटं वर होतात. दहाजण भोवती गोळा होतात. काम काय, किती तास, जेवण मिळणार का, परत आणून सोडणार का, एवढं सगळं अर्ध्या मिनिटात ठरतं. दोघं आत चढतात. उरलेल्यांतला एक मोबाइलवर व्हॅनच्या नंबरप्लेटचा फोटो घेतो. हे कामगार केंद्रात शिकवतात : नंबर टिपा, पत्ता टिपा, तास वहीत लिहून ठेवा. पैसे बुडाले तर दाद मागायला हातात तेवढंच असतं. अमेरिकेतल्या नाका कामगारांची देशभरची पहिली मोठी पाहणी 2006 साली प्रसिद्ध झाली. कुठल्याही दिवशी सुमारे 1,17,600 माणसं अशी उभी असतात किंवा अशा कामावर गेलेली असतात, असं तिच्यात आढळलं. आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांची मजुरी आदल्या दोनच महिन्यांत एकदा तरी बुडाली होती. ही पाहणी तेजीच्या काळातली आहे, हे लक्षात ठेवायला हवं.

ज्यांच्याशी मी सर्वांत जास्त बोलले ते पन्नाशी ओलांडलेले, इक्वाडोरच्या आस्वाय प्रांतातले. नाक्यावर सगळे त्यांना ‘मायेस्त्रो’ म्हणत होते. बांधकामातल्या जाणत्या माणसाला तिकडे असंच म्हणतात, आपल्याकडे मिस्त्री म्हणतात तसं. नाव छापू नका म्हणाले, म्हणून मीही त्यांना मिस्त्रीच म्हणते. ते इथे आले तेच एका मंदीमुळे. मार्च 1999मध्ये इक्वाडोर सरकारनं बँकांमधल्या ठेवी गोठवल्या. पुढच्या जानेवारीत देशाचं चलनच बाद होऊन डॉलर आला, एका डॉलरला 25,000 सुक्रे या भावानं. मिस्त्रींनी घरासाठी साठवलेले सुक्रे बँकेत होते. त्या काही वर्षांत लाखो इक्वाडोरवासी देश सोडून गेले, कुणी स्पेनला, कुणी क्वीन्सला. स्पेनला गेलेला त्यांचा भाऊ माद्रिदच्या बांधकामावर लागला आणि 2008नंतर तिथलं बांधकाम कोसळल्यावर पुन्हा बेकार झाला. “आम्ही दोघं भाऊ एका मंदीतून निघालो,” मिस्त्री म्हणाले, “आणि दोन वेगवेगळ्या देशांत एकाच मंदीत सापडलो.”

आठवड्यातला एक तास

मी वहीत प्रश्न लिहून नेला होता : 2009 साली तुम्ही किती महिने बेकार होतात? मिस्त्रींना तो नीट कळेना. कामगार केंद्रातली एक तरुण मुलगी दुभाष्याचं काम करत होती. तिनं दोनदा वेगळ्या शब्दांत विचारला. मग ते म्हणाले, “बेकार? बेकार राहायला मला पैसे कोण देणार?”

माझा लेख त्या उत्तरापाशी फिरला. मी बेकारीचे आकडे घेऊन गेले होते. ऑक्टोबर 2009मध्ये अमेरिकेचा बेकारीचा दर 10 टक्क्यांवर पोचला, लॅटिनोंचा, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांचा, 13 टक्क्यांच्या आसपास. आकडे खरे आहेत. पण ते मोजतात कसे? सरकारी सर्वेक्षक दर महिन्याला सुमारे 60,000 घरांना विचारतात : अमुक आठवड्यात तुम्ही मोबदल्यासाठी काम केलंत का? एक तास जरी केलं असेल तरी तुम्ही रोजगारात. मिस्त्रींना त्या हिवाळ्यात आठवड्याला एखाददुसरा दिवस काम मिळत होतं. अंगणातला बर्फ काढ, तळघरातलं पाणी उपस, कुणाचा सोफा तिसऱ्या मजल्यावर चढव. सर्वेक्षक त्यांच्या दारात आला असता तर ते नोकरदारांच्याच रकान्यात गेले असते.

बेकारीचा विमा इथे मालकांनी भरलेल्या करातून चालतो. नोकरी गेली की काही महिने ठरावीक रक्कम मिळते आणि तेवढ्या आधारावर माणूस आपल्या कसबाला साजेसं काम शोधू शकतो, हलकं काम नाकारू शकतो. ज्यांच्याकडे काम करण्याचा परवाना नाही त्यांना हा विमा मिळत नाही. त्यांचा मालक कर भरत असला तरीही नाही. खोट्या किंवा दुसऱ्याच्या सोशल सिक्युरिटी नंबरावर काम करणाऱ्यांच्या पगारातून तर पेन्शनची वर्गणीही कापली जाते. ही माणसं 2010 या एका वर्षात त्या निधीत निव्वळ सुमारे 1,200 कोटी डॉलर घालून गेली, असा खुद्द सोशल सिक्युरिटीच्या मुख्य विमागणितज्ञांचा अंदाज आहे. म्हातारपणी त्यातला एक डॉलरही बहुतेकांच्या हाती येणार नाही.

म्हणून मंदी त्यांच्याकडे बेकारी होऊन येत नाही, ती स्वस्त मजुरी होऊन येते. प्यू हिस्पॅनिक सेंटरच्या एका अभ्यासात हे स्वच्छ दिसतं. मंदी कागदोपत्री संपली जून 2009मध्ये. पुढच्या वर्षभरात परदेशात जन्मलेल्या कामगारांना 6,56,000 रोजगार मिळाले आणि इथे जन्मलेल्यांचे सुमारे 12 लाख गेले. त्या वेळी यावर मोठा गहजब झाला : हे आमची कामं पळवतात. त्याच अभ्यासात पुढे दिलंय की स्थलांतरितांची मधली साप्ताहिक कमाई 4.5 टक्क्यांनी घसरली, इथे जन्मलेल्यांची 1 टक्क्याहूनही कमी; आणि सगळ्यात जास्त घसरली ती लॅटिनो स्थलांतरितांची. कामं मिळाली ती अशी मिळाली. अभ्यासाचा हा उत्तरार्ध वादात फारसा कुणी उद्धृत केला नाही, याचा मला आजही राग येतो.

घरं थांबली तेव्हा

नाका हा चाळणीचा तळ आहे. वर बँक, तिच्याखाली विकासक, मग मुख्य कंत्राटदार, मग छपराचा, ड्रायवॉलचा, रंगाचा असे पोटकंत्राटदार, त्यांच्या कायम टोळ्या, आणि सगळ्यांत खाली गरज पडेल तेव्हा उचलायचे नाक्यावरचे हात. वर कर्ज थांबलं की खाली काय होतं ते मिस्त्रींनी बादलीवर बसून समजावलं. आधी व्हॅन कमी होतात. मग एक दिवस नाक्यावर नवे चेहरे दिसतात. परवापर्यंत टोळीत कायम असलेली माणसं, अंगावर अजून कंपनीचा टीशर्ट. मग ज्यानं कालपर्यंत इथून माणसं उचलली तो छोटा कंत्राटदार स्वतःच येऊन उभा राहतो. “एकानं मला 2005 साली कामावर घेतलं होतं. 2009मध्ये तो माझ्या शेजारी उभा होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.” गर्दी वाढली, गाड्या कमी झाल्या. नाक्यावर एक अलिखित दर असतो, त्याच्याखाली कुणी जायचं नाही. त्या हिवाळ्यात तो आधी कुजबुजत मोडला, मग उघड.

लॅटिनो कामगारांना त्या मंदीनं इतरांच्या आधी गाठलं, कारण ते ज्या एका खांबावर टेकले होते तोच आधी पडला. 2006मध्ये बांधकामात जे नवे रोजगार निर्माण झाले त्यांतले सुमारे दोन तृतीयांश लॅटिनोंकडे गेले होते. जानेवारी 2006मध्ये नवी घरं सुरू होण्याचा वार्षिक वेग 22 लाखांच्या वर होता; एप्रिल 2009मध्ये तो 4,78,000वर आला. मंदीची अधिकृत सुरुवात डिसेंबर 2007ची मानतात. पण 2007 या वर्षभरातच लॅटिनोंचे बांधकामातले जवळपास अडीच लाख रोजगार गेले होते. देशाला मंदी कळायच्या आधी नाक्याला कळली होती.

आणि जे नाक्यावरून वर चढले, ज्यांनी कागद मिळवून कर्जावर घर घेतलं, त्यांचंही तेच झालं. 2005 ते 2009 या काळात लॅटिनो कुटुंबांची मधली संपत्ती 66 टक्क्यांनी आटली, गोऱ्या कुटुंबांची 16 टक्क्यांनी. घरबांधणी हीच रोजी आणि घर हीच पुंजी. दोन्ही एकाच धक्क्यात गेली.

सध्या नाका आणि मोठी बांधकामं यांच्यामध्ये एक कार्डही आलं आहे. न्यू यॉर्क शहराच्या 2017च्या कायद्यानुसार मोठ्या साइटवर पाऊल ठेवायचं तर कामगाराला 40 तासांचं सुरक्षा प्रशिक्षण लागतं. पडून मरणाऱ्या कामगारांची संख्या पाहता हा कायदा हवाच होता. पण ते 40 तास बिनपगारी असतात. कामगार केंद्रं हे वर्ग फुकट, स्पॅनिशमध्ये, रात्री आणि रविवारी चालवतात. मिस्त्रींनी पाकिटातून ते कार्ड काढून दाखवलं, मुलाचा फोटो दाखवावा तसं.

परतीचं दार

2009च्या मार्चमध्ये माझीही नोकरी गेली होती. मी तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर होते. नोकरी गेली की राहण्याचा आधारही जायचा. बेकारभत्ता मलाही मिळाला नाही. मी सामान मैत्रिणीच्या तळघरात ठेवलं आणि ठाण्याला आईवडिलांकडे गेले. आठ महिन्यांनी नवी नोकरी, नवा व्हिसा घेऊन परत आले. हे मिस्त्रींना सांगताना मला वाटत होतं, आपलं काहीतरी सारखं आहे. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे तुम्ही गेलात आणि परत येऊ शकलात?”

फरक तेवढाच होता आणि सगळा तोच होता. त्यांचे वडील 2010मध्ये वारले. मिस्त्री गावी गेले नाहीत. गेले असते तर परत येताना वाळवंट, दलालाचं कर्ज आणि पकडले जाण्याची भीती.

पूर्वी असं नव्हतं. मेक्सिकन मजूर हंगामाला येत, पैसे साठवत, परत जात; इथे काम आटलं की गावी थांबत. प्रिन्सटनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांनी अनेक दशकं मेक्सिकोतल्या गावागावांत माहिती गोळा करून दाखवलंय की सीमेवरची नाकेबंदी जसजशी वाढली तसतसं येणं थांबलं नाही, परत जाणं थांबलं. एकदा मोठी किंमत देऊन आत आलेला माणूस बाहेर पाऊल टाकेना. त्यानं बायकामुलांनाच बोलावून घेतलं.

तरीही 2007-09च्या मंदीत ही माणसं हलली, देशाच्या आत. अर्थतज्ज्ञ ब्रायन कडेना आणि ब्रायन कोवॅक यांचा 2016चा अभ्यास मला या साऱ्या वाचनात सगळ्यांत विलक्षण वाटला. ज्या शहरांत कामं गेली तिथून कमी शिकलेले मेक्सिकन कामगार उठले आणि जिथे थोडी धुगधुगी होती तिथे गेले. इथे जन्मलेले, तेवढंच शिकलेले कामगार फारसे हलले नाहीत. मेक्सिकन निघून गेल्यामुळे मागे राहिलेल्यांवरचा आघात जवळपास निम्म्यानं कमी झाला. ज्यांना विमा नव्हता तेच दुसऱ्यांचा विमा झाले.

काही जण मेक्सिकोलाही परतले. 2009 ते 2014 या काळात सुमारे 10 लाख मेक्सिकन अमेरिका सोडून गेले आणि सुमारे 8,70,000 आले. परतलेल्यांतल्या दहातल्या सहांनी कारण सांगितलं ते कुटुंबाचं. पण आता परवाना नसलेल्या प्रौढांपैकी बहुसंख्यांना इथे दहा वर्षांहून अधिक काळ झाला आहे, मुलं इथल्या शाळेत आहेत. पुढची मंदी येईल तेव्हा ही माणसं अशी चटकन उठून दुसऱ्या शहरात जातील, असं मला वाटत नाही.

बागेतला गुरुवार

परत न जाणाऱ्यांना परत पाठवण्याचा प्रयोगही 1930च्या दशकातल्या महामंदीत होऊन गेला आहे. 26 फेब्रुवारी 1931, गुरुवार. लॉस एंजेलिसमधल्या ला प्लासिता या बागवजा चौकात दुपारच्या उन्हात लोक बसलेले होते. पोलिस आणि इमिग्रेशनच्या माणसांनी सगळ्या वाटा अडवल्या आणि सुमारे 400 जणांना तासाहून अधिक वेळ रोखून कागद मागितले. त्या दिवशी पकडले फार थोडे. पण ते पाहून जे घाबरायचे ते घाबरले. पुढे कौंटीनं स्वतःच्या खर्चानं आगगाड्या भरून मेक्सिकोकडे सोडल्या : मदतीचा शिधा घ्याल की तिकीट? त्या दशकात गेलेल्यांचे अंदाज चार लाखांपासून वीस लाखांपर्यंत आहेत आणि त्यांत मोठा हिस्सा अमेरिकेत जन्मलेल्या, म्हणजे अमेरिकन नागरिक असलेल्या मुलांचा होता. कॅलिफोर्निया राज्यानं 2005मध्ये कायदा करून माफी मागितली.

कारण दिलं होतं रोजगाराचं : हे गेले की आपल्या माणसांना कामं मिळतील. जाँगक्वान ली, जोव्हान्नी पेरी आणि वासिल यासेनोव्ह यांनी 1930 आणि 1940च्या जनगणना शहराशहरांनी तपासल्या. जिथून जास्त मेक्सिकन गेले तिथे इथल्या लोकांचा रोजगार वाढला नाही. उलट थोडा घटल्याच्याच खुणा दिसल्या. खालचे हात गेले की त्यांच्या जोरावर चालणारं वरचं कामही जातं.

तमालेची टोपली

2020ची मंदी उलट बाजूनं आली. ती घरबांधणीतून नव्हे, हॉटेलांच्या स्वयंपाकघरांतून, नखं रंगवण्याच्या दुकानांतून, मॅनहॅटनमधल्या साफसफाईच्या कामांतून आली. म्हणून बायकांवर आधी कोसळली. एप्रिल 2020मध्ये लॅटिनोंचा बेकारीचा दर 18.9 टक्के होता, वीस वर्षांवरच्या लॅटिनो बायकांचा 20.2 टक्के. क्वीन्समधली एल्महर्स्ट, जॅक्सन हाइट्स, कोरोना ही लागून असलेली वस्ती कोविडच्या साथीच्या अगदी केंद्रात होती. एका खोलीत दोन-तीन कुटुंबं, पलंग पाळीपाळीनं वापरायचे. तिथे अंतर कुठलं पाळणार?

केंद्र सरकारनं माणशी 1,200 डॉलर वाटले. ज्यांच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नव्हता त्यांना ते मिळाले नाहीत, आणि सुरुवातीला तर अशा माणसाबरोबर एकत्र कर भरणाऱ्या नागरिक जोडीदारालाही नाही. न्यू यॉर्कमध्ये वगळलेल्या कामगारांनी 2021च्या वसंतात 23 दिवस उपोषण केलं. मग राज्यानं 210 कोटी डॉलरचा निधी मंजूर केला. पुरावा पूर्ण असेल त्याला 15,600 डॉलरपर्यंत. काही महिन्यांतच तो संपला. पण त्यासाठी काम केल्याचा पुरावा हवा होता, आणि रोखीनं मजुरी घेणाऱ्या बाईकडे कुठला पुरावा?

सेव्हन ट्रेननंच मी पुढे एकशे तिसऱ्या रस्त्यावर, कोरोना प्लाझाला गेले. तिथे एक मेक्सिकन बाई तमाले विकते. मक्याचं भिजवलेलं पीठ, आत चिकन किंवा मिरची, कणसाच्या पानात गुंडाळून वाफवलेलं. आपल्या पानग्यांची आठवण यावी असं. 2020पर्यंत ती एका उपाहारगृहात भांडी घासत होती. ते बंद झालं, तशी ती पहाटे तीनला उठून तमाले करायला लागली. भांडवल आलं ‘तांदा’तून. म्हणजे आपली भिशीच : दहा बायका, दर आठवड्याला ठरावीक रक्कम, पाळीपाळीनं उचल. तिचा नंबर नववा होता. बायकांनी आपसात बोलून तिला दुसरा दिला.

मात्र विकायला परवाना लागतो आणि वस्तू विकणाऱ्या सर्वसाधारण फेरीवाल्यांचे शहरातले परवाने 1979पासून 853वर अडकले होते. खाद्यपदार्थांच्या गाड्यांवरही 1983पासून मर्यादा होती. जुलै 2023मध्ये शहराच्या लोकांनी प्लाझा रिकामा केला. मग वाटाघाटी होऊन थोड्या जणांना परत जागा मिळाली. “नोकरी गेली तेव्हा कुणी विचारायला आलं नाही,” ती म्हणाली. “स्वतःचं काम सुरू केलं, तेव्हा विचारायला आले.” तिनं मला पैसे न घेता दुसरा तमाल दिला, मी ते पैसे बळेच तिच्या डब्यात टाकले.

सळया

मंदी शेवटी पोचते ती दूरच्या गावी. स्थलांतरितांकडून मेक्सिकोला येणारे पैसे 2007मध्ये सुमारे 2,600 कोटी डॉलर होते. 2009मध्ये ते जवळपास 2,100 कोटींवर आले. 2020मध्ये जागतिक बँकेनं लॅटिन अमेरिकेकडे जाणाऱ्या पैशांत मोठी घट होणार असं सांगितलं होतं. मेक्सिकोत ते उलट वाढले, 4,000 कोटींच्या वर गेले. इथे स्वतः कमी खाऊन, एका खोलीत एक माणूस आणखी घेऊन, लोक पाठवत राहिले. 2026च्या जानेवारीपासून रोखीनं पाठवलेल्या पैशांवर 1 टक्का करही लागला आहे.

पैसे उलटेही येतात. 2009 साली मेक्सिकोतल्या खेड्यांतून इथल्या बेकार मुलांना पैसे पाठवल्याच्या बातम्या आल्या होत्या. मिस्त्रींना मी ते सांगितलं. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, त्यांच्या आईनं गाय विकून तीनशे डॉलर पाठवले होते. इक्वाडोरचं चलन डॉलरच, त्यामुळे बदलायचीही गरज नव्हती. खोलीचं भाडं भरलं. गाय पुढे विकत घेऊन दिली, पण ती दुसरी गाय.

त्यांनी मोबाइलवर घराचा फोटो दाखवला. आस्वायच्या डोंगरउतारावर सिमेंटचं दुमजली घर, निळा रंग, खिडक्यांना आरसेकाच. वर गच्चीतून उभ्या लोखंडी सळया निघालेल्या. “पहिला मजला 2004,” ते बोट ठेवत म्हणाले. “दुसरा 2007.” बोट सळयांवर गेलं. काही गंजलेल्या होत्या. काही त्यांच्यापेक्षा नव्या, जोडून उंच केलेल्या. “या 2019च्या.”

नऊ वाजून गेले होते. नाक्यावर निम्मे उरले होते. इतक्यात एक निळी व्हॅन थांबली. ड्रायव्हरनं एकच बोट वर केलं. मिस्त्रींनी मोबाइल खिशात टाकला, बादली उचलली आणि मला काही सांगत होते ते तसंच सोडून पळाले. पाचजण आधीच काचेपाशी होते. वरून ट्रेन आली, त्यामुळे काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. ट्रेन गेली तेव्हा व्हॅनचं दार बंद होत होतं आणि माझ्या शेजारचा रोलरवाला नंबरप्लेटचा फोटो घेत होता.